षष्ठीला आलेली एकादशी

"गुरुजी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," किसन काशीद म्हणाला. मी सरकतो न सरकतो तोच त्याच्या हातातल्या ब्रशचा झुपका दांडीतून निसटला आणि खुर्चीत बसलेल्या आकाराम अण्णांच्या मांडीवर पडला.

"आरं तिच्या! तुझा ब्रशबी टकला झाला की रं किसन," अण्णा म्हणाले.

बाकावर बसलेले दोघं खो खो हसले. किसन ओशाळला. मीही हसलो. माझे वडील तेवढे हसले नाहीत. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मला वाटलं, विनोद त्यांना ऐकू गेला नसावा. रेल्वेच्या रुळांवर घण घालून घालून त्यांचा डावा कान अधू झाला होता.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माझे विद्यार्थी राहतात, त्यातले दोघंतिघं दिवाळीला आठवणीनं फोन करतात. पण त्या रविवारी पुढच्या दहा मिनिटांत किसनच्या सलूनमध्ये काय झालं ते सांगायचं, तर आधी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, दाढीचं आणि माझ्या ब्रशचं सांगायला हवं.

आबा रेल्वेत गँगमन होते. मिरजेच्या अलीकडे एका लहान स्टेशनाजवळचं आमचं गाव, आणि गावाला पाठ करून असलेली आमची वस्ती. एवढं सांगितलं म्हणजे आम्ही कोण ते कळलंच असेल. गावातला न्हावी वस्तीवर येत नसे, आणि त्याच्या दुकानात आम्हाला खुर्ची नव्हती. वस्तीतले पुरुष एकमेकांचे केस कापत. दाढी ज्याची त्यानं करायची.

आबांची दाढी हा आमच्या घरातला एक सोहळाच होता. ड्यूटीवर जायच्या आधी ते अंगणात पाटावर बसत. समोर भिंतीला टेकवलेला आरसा, शेजारी गरम पाण्याचा तांब्या. डब्याच्या झाकणात दाढीच्या साबणाची कडक वडी चिकटवलेली असे. ब्रश झिजून झिजून बोटाच्या पेराएवढा उरलेला. तो आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, मग दोनदा झटकायचा, मग वडीवर गोल गोल फिरवत राहायचं. मध्येच बोटानं पाण्याचा एखादा थेंब सोडायचा, जास्त नाही.

"घाई केली की फेस हुत न्हाई, नुसतं पाणी हुतं," ते म्हणायचे. "वडी कडक असती. तिला येळ द्यावा लागतो."

फेस ताठ उभा राहिला की मगच गालाला लागायचा. एवढं सगळं करून, चेहरा गुळगुळीत करून, टॉवेलनं पुसता पुसता ते कधीतरी बोलून जात, "खुर्चीत मागं मान टाकायची आणि दुसऱ्यानं आपली दाढी करायची. ते कसलं सुख असतंय, एकदा बघाय पायजे."

"मग मिरजेला जाऊन बसा की," मी एकदा म्हणालो होतो. "तिथं कोण कुणाला विचारतंय?"

"तिथं वळखत न्हाईत म्हणून बसवत्यात. ते चोरून बसल्यावानी झालं. आपण कोण ते ठावं असून बसवलं, तर ते बसणं."

हे वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. म्हणून नोकरी लागून मी या गावात आलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात किसनच्या दुकानात गेलो, आणि बसायच्या आधी मुद्दाम सांगितलं, "मी होवाळ. सुदाम होवाळ. शाळेत नवीन आलोय."

किसननं माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बसा की गुरुजी."

बसलो. परीक्षेला बसल्यासारखा ताठ. किसननं खुर्चीवर धुतलेला पंचा अंथरला, पातं नवं घातलं, साबण हातानंच चोळला, आणि दाढी झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाचा ब्रश आपला सवताचा असावा. तालुक्याला जाल तवा ब्रश आणि वडी घिऊन या. मी जपून ठिवतो. आणि सकाळच्या गर्दीत कशाला येताय? दुपारी या, निवांत करू."

मी हुरळून गेलो. हसू नका. मी सांगलीला शिकत होतो तिथल्या सलूनमध्ये वकिलांचे आणि डॉक्टरांचे ब्रश फळीवर मांडलेले असत, प्रत्येकाच्या कपावर नाव. मला वाटलं, नोकरीला लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर मी त्या फळीवर जाऊन बसलो.

ब्रश मी नवरदेवाची पगडी घ्यावी तसा बघून बघून घेतला. तालुक्याच्या जनरल स्टोअर्समधल्या म्हाताऱ्या मालकांनी आधी नायलॉनचा दाखवला. मी नको म्हणालो. मग त्यांनी कपाटातून खऱ्या केसांचा काढला, लाकडी दांडीचा. "तळहातावर दाबून बघा," ते म्हणाले, "नुसता मऊ असला तर कडक वडीवर लोळण घेतो. नुसता राठ असला तर गाल सोलतो. दाबला की पसरला पाहिजे आणि सोडला की उभा राहिला पाहिजे." मी सात ब्रश दाबले. आठवा उभा राहिला. त्याच्या दांडीवर मी सुईनं 'सु. हो.' अशी अक्षरं कोरली.

किसननं तो दाराच्या चौकटीला, बाहेरच्या अंगाला, एका खिळ्यावर उलटा टांगला. "वाऱ्यावर वाळतो. केस टिकत्यात," तो म्हणाला, आणि ते खरंही आहे. ब्रश असाच वाळवायचा असतो. खाली पाण्याच्या बादलीजवळच्या फळकुटावर माझी वडीची वाटी. दुकानाचा ब्रश मात्र आत, आरशासमोरच्या मगात उभा असे, रात्रंदिवस ओला. मला त्या ब्रशची कीव यायची.

दोन वर्षं मी दर बुधवारी आणि रविवारी दुपारी किसनकडे जात होतो. आबांना पत्रं लिहीत होतो. माझा ब्रश दुकानात टांगलेला असतो. माझ्यासाठी पंचा धुऊन ठेवतात. दुपारी निवांत बोलावतात. किसनला माझं आडनाव ठाऊक आहे, मीच सांगितलंय. आबा, तुम्ही एकदा या. तुम्हाला त्या खुर्चीत बसवायचंय.

आबांचं उत्तर दर वेळी आलं, पण त्या खुर्चीबद्दल त्यात कधी अक्षर नसे. मग निवृत्त झाल्यावर, माघात, एका शनिवारी संध्याकाळी ते एसटीतून उतरले. मी बघतच राहिलो. उभ्या आयुष्यात एक दिवस दाढी न चुकवलेला माणूस गालांवर पांढरे खुंट घेऊन उभा होता.

"तीन दिस राखलीया," ते म्हणाले. "तुजा न्हावी म्हणंल, करू काय?"

दुसऱ्या दिवशी परतायची त्यांची गाडी बाराची होती. म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदाच मी किसनच्या दुकानात सकाळच्या गर्दीत गेलो.

आम्हाला बघून किसन गडबडला. "गुरुजी, आत्ता? दुपारी या की."

"आबांची बाराची गाडी आहे. किती जण आहेत? तीनच ना? थांबतो आम्ही."

खुर्चीत आकाराम अण्णा होते. शाळा समितीचे अध्यक्ष, आणि माझ्यावर जीव असलेला माणूस. हंगामाला शेंगा, हुरडा, काकवी माझ्या खोलीवर न चुकता येई ती त्यांच्याकडूनच. शाळेच्या आवारातली खोलीही त्यांनीच मला मिळवून दिली होती. "या गुरुजी," ते आरशातूनच म्हणाले. "वडील का? रामराम पाव्हणं."

"रामराम," आबा म्हणाले. घरी आमच्यात कुणी रामराम म्हणत नाही. पण आबांना कुठं काय म्हणायचं ते पक्कं ठाऊक होतं.

बाकावरचे दोघं "बसा की" म्हणाले. सरकलं मात्र कुणी नाही. आम्ही उभे राहिलो. आणि मग तो झुपका पडला.

किसन गुडघ्यावर बसून खालच्या खणात काहीतरी शोधायला लागला. "लाख वितळवून बसवावा लागंल," तो खणात तोंड घालून म्हणाला. "अण्णा, दोन मिनिटं."

"आता रं? गाल भिजवून ठिवलास की माझा," अण्णा म्हणाले.

मला कुणीतरी आधीच सांगून ठेवल्यासारखं सुचलं. मी दारात गेलो, खिळ्यावरचा माझा ब्रश काढला, वाटी घेतली. "अहो, माझा आहे की! खऱ्या केसाचा. बघा तर एकदा."

ब्रश गरम पाण्यात बुडवला. दोनदा झटकला. वडीवर गोल गोल फिरवायला लागलो. आबांनी शिकवलं होतं तसंच, घाई न करता. बोटानं थेंब सोडला, पुन्हा फिरवला. दुकान गप्प झालं. मला वाटलं, माझा हात बघतायत. फेस चढला, घट्ट झाला, ताठ उभा राहिला. मी मोठ्या कौतुकानं आबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नको म्हणून हलवली होती. मला ती शाबासकी वाटली.

मग मी पुढं झालो आणि आकाराम अण्णांच्या उजव्या गालावरून, कानापासून हनुवटीपर्यंत, ब्रश फिरवला.

"गुरुजी!" पायाशी साप दिसल्यावर ओरडावं तसा किसन ओरडला.

अण्णा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी गळ्यातल्या फडक्याचं टोक वर घेतलं आणि गाल पुसला. सावकाश पुसला. मग फडक्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा एकदा पुसला.

"किसन," ते म्हणाले, "आज एकादशी न्हवं का रं?"

किसन खण बंद करून उभा राहिला.

"इसरलोच बघ मी. एकादशीला दाढी करत्यात व्हय? ऱ्हाऊ दे आज."

"व्हय की, एकादशीच की आज," बाकावरचा एक जण उठत म्हणाला.

"मला घरातनं सांगितलं हुतं, माझ्याच ध्यानातनं गेलं," दुसरा म्हणाला.

अण्णा खुर्चीतून उठले. माझ्या खांद्याला वळसा घालून दारापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी आबांना हात जोडले. "पाव्हणं, सावकाश जावा. येतो गुरुजी." आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

आणि मी काय करावं? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. रविवारच्या चौकोनात षष्ठी छापली होती. गुरुजी ना मी! चूक दिसली की दुरुस्त करणारच. हातात फेसानं भरलेला ब्रश घेऊन मी दारात गेलो आणि त्यांच्या पाठीला सांगितलं, "अण्णा, अहो आज षष्ठी आहे! एकादशी शुक्रवारी!"

कुणी मागं वळून बघितलं नाही.

पाच दिवसांचा हिशेब इतका कसा चुकला म्हणून मी तरीही कॅलेंडर बघत होतो. खरंच बघत होतो. सव्वीस वर्षांचा, डी.एड. झालेला माणूस.

आबा चौकटीपासून हलले. सरळ आत आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "खुर्ची मोकळी झाली," ते किसनला म्हणाले. "माझी करतोस?"

किसननं रस्त्याकडे बघितलं. समोर पिंपळाच्या पारावर तिघं जाऊन उभे राहिले होते आणि दुकानाकडेच बघत होते. किसननं मान खाली घातली.

"आज एकादशी हाय, बाबा," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. अण्णांनी गाल दोनदा पुसला तेव्हा कळलं नव्हतं. किसनच्या त्या चार शब्दांनी कळलं. खिळा बाहेर का, पंचा का, दुपार का, सगळं. दोन वर्षं ज्या गोष्टींची मी पत्रं लिहिली होती, त्यातली एकही माझ्या मानाची नव्हती.

"बरं," आबा म्हणाले, आणि त्यांनी खुर्चीवरचा हात काढला.

किसननं माझी वाटी वर्तमानपत्रात गुंडाळली. कागद दोनदा फाटला. "गुरुजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन वर्सांत तुमाला कदी टाकून बोललो का मी? कदी न्हाई म्हणालो का? माझ्या खुर्चीत बसवलं तुमाला. या गावात दुसऱ्या कुणी बसवलं असतं?"

"वेगळ्या ब्रशनं," मी म्हणालो.

"म्हणून तर बसवता आलं! सगळ्यांनी बघून न बघितल्यावानी केलं हुतं. चाललं हुतं की सुरळीत. तुमीच ब्रश पुढं केला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी होतं की उद्या रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीसाठी, मला आजही सांगता येत नाही. "आता मी तुमच्या खोलीवर यीन करायला. अंधार पडल्यावर."

मी त्याच्या हातातून पुडकं ओढून घेतलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. शुक्रवारी खरी एकादशी आली. त्या दिवशी आकाराम अण्णा शाळेत आले ते गुळगुळीत दाढी करूनच. मुलांपुढं माझी तोंड भरून स्तुती केली. संध्याकाळी त्यांच्याकडून शेंगांची पिशवीही आली, नेहमीसारखी. त्या रविवारबद्दल गावात एकानंही चकार शब्द काढला नाही, ना त्या वेळी, ना माझी बदली होईपर्यंतच्या तीन वर्षांत. शेंगा मी खाल्ल्या नाहीत. परतही पाठवल्या नाहीत. एवढीच माझी मर्दुमकी.

त्या रविवारी आम्ही खोलीवर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. माझ्या मुठीत ब्रश होता, त्यावरचा फेस वाळून पापुद्रे झाले होते. मी तो भिंतीवर फेकायला हात उचलला.

"आण हिकडं," आबा म्हणाले. "चांगला हाय. त्याचं काय चुकलं?"

त्यांनी स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं. माझा आरसा खिडकीत टेकवला. मग आपली कापडी पिशवी उघडली आणि धोतराच्या घडीतून रेझर काढला. त्यांचा जुना, पितळी दांड्याचा. पात्याची पुडीही होती.

मी त्या रेझरकडे बघत राहिलो. सलूनच्या खुर्चीत बसायला आलेला माणूस घरून रेझर घेऊन आला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. झटकला. वडीवर फिरवायला लागले.

"खिळा बाहेर दिसला, तेव्हा कळलं?"

"खिळ्याचं काय घिऊन बसलास? तुजं पयलं पत्र आलं तवाच कळलं. येगळा ब्रश, धुतलेला पंचा, दुपारची येळ." एक थेंब सोडला. "तुज्या आज्याला चहाचा कप असाच येगळा ठिवायचे पाटलाच्यात. फुटका न्हाई, चांगला कानाचा कप. तो बी लोकांना सांगायचा, माझा कप हाय म्हणून."

"मग मला लिहिलं का नाहीत? दोन वर्षं मी मूर्खासारखा..." मला त्यांचाच राग आला होता, दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती.

"लिवणार हुतो." फेस चढत होता. "पर तू लई खूष हुतास. म्हटलं, आमची सगळी उमर ह्ये वळखण्यातच गेली. दारात पाय टाकायच्या आधी समजायचं, हितं बसायचं का न्हाई, हितलं पाणी प्यायचं का न्हाई. आणि माझ्या पोराला ह्ये वळखायलाच येत न्हाई. बरं वाटलं रं मला. म्हटलं, ऱ्हाऊ दे तसंच."

त्यांनी गालाला फेस लावला. तो ब्रश त्यांच्या गालावर पसरत होता आणि उभा राहत होता, तालुक्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तसा. एक बाजू त्यांनी केली. तीन दिवसांचे खुंट पात्याखाली करकरत होते.

मला राहवलं नाही. "आबा, एवढं सगळं ठाऊक होतं, रेझरही आणलात. मग तीन दिवस दाढी राखून आलात कशाला?"

त्यांचा हात थांबला. ते आरशात बघत होते. माझ्याकडे नाही, स्वतःच्या अर्ध्या गालाकडे.

"म्हटलं," ते म्हणाले, "एखाद्या येळंला आपलं चुकत असंल."

मग त्यांनी रेझर पाण्यात बुडवला आणि राहिलेली बाजू करायला घेतली.